स्ट्रोकनंतर बाबांच्या हाताला बोटॉक्स सांगितलंय, पण ते तर विष आहे ना? कोणी नीट समजावेल का

अनघा_लिहिते:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

बाबांना स्ट्रोक येऊन गेला, उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी आला, काठी धरून चालतात, पण हात मात्र दिवसेंदिवस आवळत चाललाय. मूठ इतकी घट्ट की नखं तळहातात रुततात, आतली कातडी ओलसर राहून वास येतो, अंघोळीच्या वेळी आई एकेक बोट सोडवते तेव्हा बाबा कळवळतात, आणि शर्टाची बाही चढवायला दोघं जण लागतात. आता न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले की बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देऊन बघू, म्हणजे बोटॉक्स. मला आजवर वाटायचं ते सुरकुत्या घालवायचं औषध आहे. भावाने मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत, जगातलं सगळ्यात जहाल विष, एका जिवाणूने तयार केलेलं. झालं, तेव्हापासून आई नकोच म्हणून बसलीये.

मला समजून घ्यायचंय की हे नक्की करतं काय. हातात टोचलं तर हातातच राहील कशावरून, श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर? आणि भावाने अजून एक वाचलंय की धनुर्वाताचा जंतू याच कुळातला, पण धनुर्वातात तर माणूस ताठ होतो, मग हे औषध सैल कसं करणार, उलट अजून आवळलं तर काय करायचं? बाबांना मागे पायाला खिळा लागला होता तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय, त्याचा याच्याशी काही संबंध येतो का? डॉक्टरांकडे खूप गर्दी असते, एवढं सगळं विचारता येत नाही. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

सूक्ष्मदर्शी:

अनघाताई, प्रश्न एकदम बरोबर विचारलाय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांना द्यावं की नाही यावर मी बोलणार नाही, पण हे विष काम कसं करतं ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी भीती आपोआप जाते.

दोन्ही जंतू क्लॉस्ट्रिडियम कुळातले, दोन्ही मातीत सापडतात, दोन्हींना ऑक्सिजन चालत नाही आणि परिस्थिती वाईट असली की दोघेही बीजाणू करून वर्षानुवर्षं पडून राहतात. विषाची घडणही जवळजवळ सारखी. एक मोठा तुकडा आणि एक लहान तुकडा, दोन्ही गंधकाच्या एका बंधाने जोडलेले. मोठ्या तुकड्याचं काम म्हणजे मज्जातंतूचं टोक ओळखून तिथे चिकटणं आणि लहान तुकड्याला आत पोचवणं. खरं काम करतो तो लहान तुकडा, तो जस्ताचा अणू धरून बसलेलं एक एन्झाइम आहे.

आता मज्जातंतूच्या टोकाला काय असतं बघा. तिथे अगदी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यात रसायन भरलेलं असतं. स्नायू हलवायचा असेल तर ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. मेंदूकडून हुकूम आला की पिशवी टोकाच्या पडद्याला जाऊन भिडते, तिथे फुटते, रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आखडतो. पिशवी पडद्याला भिडते ती तीन प्रथिनांमुळे, सिनॅप्टोब्रेव्हिन पिशवीवर असतं, सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ पडद्यावर, आणि ही तिन्ही एकमेकांभोवती पीळ घेत पिशवीला पडद्याकडे खेचून घेतात. विषाचा लहान तुकडा यातलंच एखादं प्रथिन तोडतो. बोटॉक्समध्ये असतो तो ए प्रकार, तो स्नॅप-२५ ला गाठतो. या प्रथिनात २०६ अमिनो आम्लं असतात, त्यातली शेवटची ९ कापून टाकतो, बस्स एवढंच. पण तेवढ्याने पीळ नीट बसत नाही, पिशव्या भरलेल्या असतात, हुकूमही येत असतो, पण रसायन बाहेर पडत नाही. म्हणून स्नायू सैल पडतो. यात मज्जातंतू मरत नाही हे आईंना जरूर सांगा, तो जिवंतच असतो, फक्त त्याचा निरोप पोचत नाही.

आता धनुर्वाताचं, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात अद्भुत वाटतो. धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतं. बोटुलिनमचा बी प्रकारही सिनॅप्टोब्रेव्हिनच तोडतो, आणि नुसतं तेच प्रथिन नाही तर त्यातला अगदी तोच बंध, ७६ आणि ७७ व्या अमिनो आम्लांमधला. इटलीतल्या पादुआच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हे दाखवलं. म्हणजे दोन विषं, तोडायची जागा एकच, आणि तरीही एकाने माणूस लुळा पडतो, दुसऱ्याने धनुष्यासारखा वाकतो.

फरक पडतो तो विष कुठे जाऊन तोडतं यात. दोघंही शिरतात स्नायूपाशी असलेल्या मज्जातंतूच्या टोकातूनच. पण बोटुलिनम ज्या पिशवीत बसून आत येतं तिच्यात आम्लता वाढते, त्या आम्लतेमुळे लहान तुकडा तिथल्या तिथे बाहेर पडतो आणि टोकालाच काम सुरू करतो. धनुर्वाताचं विष वेगळ्या पिशवीत जातं, तिच्यात आम्लता वाढत नाही, त्यामुळे ते न उघडता मज्जातंतूच्या आतून उलट दिशेने प्रवास करत थेट मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचतं. तिथे त्या पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतं, आणि या शेजारच्या पेशी म्हणजे गाडीच्या ब्रेकसारख्या असतात, ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं सोडून त्या स्नायूंच्या मज्जातंतूंना आवरून धरतात. त्यांचीच रसायनं थांबली की स्नायूंना आवरणारं कोणी राहत नाही, जरासा आवाज झाला, उजेड पडला तरी सगळं अंग आखडतं. सुरुवात बहुतेक वेळा जबड्यापासून, कारण तिथले मज्जातंतू आखूड, विषाला प्रवास कमी.

तेव्हा हाताच्या स्नायूत दिलेलं बोटुलिनम धनुर्वातासारखं आवळणार नाही. आणि धनुर्वाताच्या लसीचं विचारलंत, तर त्या लसीने तयार होणारी प्रतिद्रव्यं धनुर्वाताचंच विष ओळखतात. घडण सारखी असली तरी बोटुलिनमचं विष त्यांना वेगळंच दिसतं, त्यामुळे लस घेतल्याने बोटॉक्सचा परिणाम कमी होत नाही, आणि उलट दिशेनेही काही बिघडत नाही.

रोखठोक_:

माहिती चांगली आहे सर पण विष ते विष. उगाच माणसाच्या अंगात का घालायचं, आधीच स्ट्रोक झालेला माणूस. व्यायाम, मालिश करून बघावं आधी, कंपन्यांना काय विकायचंच असतं.

सूक्ष्मदर्शी:

तुमची काळजी बरोबर आहे, म्हणून आकडेच देतो. एक युनिट म्हणजे उंदरांच्या पोटात टोचलं तर त्यातले निम्मे उंदीर दगावतील एवढी मात्रा, या औषधाची मोजणी अजूनही याच मापात करतात. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीत मूळ विष असतं एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी, नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हाताच्या ताठरपणासाठी मोठ्या माणसाला अगदी ४०० युनिट दिले तरी ते तीन नॅनोग्रॅमच्या आसपास जातं. आणि सत्तर किलोच्या माणसाचा जीव घ्यायला, थेट रक्तात किंवा स्नायूत दिलं तर, ९० ते १५० नॅनोग्रॅम लागेल असा अंदाज आहे, माकडांवरच्या प्रयोगांवरून काढलेला. म्हणजे मधलं अंतर बरंच आहे.

पण हे अंतर टिकतं ते औषध खरं आणि मात्रा बरोबर असेल तरच, हेही तितकंच खरं. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात चार जणांना सौंदर्यासाठी म्हणून माणसांना द्यायची परवानगीच नसलेलं, प्रयोगशाळेसाठीचं विष टोचलं गेलं आणि चौघांनाही बोट्युलिझम, म्हणजे याच विषाने येणारा लुळेपणा, होऊन व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. त्यामुळे कुठेतरी स्वस्तात मिळतंय म्हणून कोणाकडूनही घ्यायची ही गोष्ट नाही, डॉक्टरांना कुपी दाखवा म्हणून बिनधास्त सांगायचं, त्यात काही गैर नाही.

पापणी:

मी स्वतः घेते म्हणून लिहितेय. मला ब्लेफरोस्पाझम आहे, म्हणजे डोळ्यांच्या भोवतीचे स्नायू आपोआप आवळतात आणि डोळे मिटले जातात. लोकांना वाटतं सारखी डोळे मिचकावते, पण खरं सांगू का, रस्ता ओलांडताना मध्येच डोळे गच्च मिटले आणि उघडेचनात तर काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. थेंब झाले, गोळ्या झाल्या, टेन्शन घेऊ नका हे सल्ले तर किती झाले. मग एका न्यूरो डॉक्टरांनी हे सुचवलं. अगदी बारीक सुई, डोळ्याभोवती थोडी थोडी जागा, चुरचुरतं पण सहन होतं. त्या दिवशी काहीच फरक वाटला नाही, दोन तीन दिवसांनी हळूहळू पकड सुटायला लागली आणि पुढच्या आठवड्यात मी न थांबता वाचत बसले होते. एकदा एका बाजूची पापणी खाली आली होती, घाबरले होते, पण काही आठवड्यांत ती वर गेली.

तीनेक महिन्यांनी परत जाणवायला लागतं आणि परत जावं लागतं, हा त्यातला कंटाळवाणा भाग. पण अनघा, तुझ्या आईला सांग की परिणाम कायमचा नसतो हीच यातली मोठी सोय पण आहे, नाही आवडलं तर ओसरून जातं.

आणि गंमत म्हणजे मुळात हे औषध म्हणून आलं तेच डोळ्यांसाठी, सुरकुत्या नंतर.

सूक्ष्मदर्शी:

हो, पापणीताई म्हणतात ते खरंय. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अ‍ॅलन स्कॉट नावाचे नेत्रतज्ज्ञ तिरळेपणावर ऑपरेशनशिवाय उपाय शोधत होते, डोळा ओढणारा जास्त जोराचा स्नायू थोडा सैल करता आला तर, असा विचार. एडवर्ड शॅन्ट्झ यांनी शुद्ध केलेलं विष त्यांना मिळालं, आधी माकडांवर, मग १९७० च्या दशकाच्या शेवटी माणसांवर, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझमसाठी मंजुरी. कपाळावरच्या आठ्यांसाठी मंजुरी आली ती २००२ मध्ये. मधल्या काळात मानेच्या डिस्टोनियासाठी, म्हणजे स्नायू आपोआप आवळून मान वाकडी होते त्यासाठी, नंतर काखेतल्या अति घामासाठी, आणि २०१० मध्ये जुनाट मायग्रेन आणि हाताच्या ताठरपणासाठी. लघवीच्या पिशवीसाठीही वापरतात. घाम आणि लाळ यांच्या ग्रंथींना जाणारे मज्जातंतूही अ‍ॅसिटिलकोलिनवरच चालतात म्हणून तिथेही काम होतं.

आणि याच्याही कितीतरी आधी, १८२२ मध्ये, जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी खराब सॉसेज खाऊन मेलेल्या माणसांच्या नोंदी गोळा करून पुस्तक लिहिलं. रोग्याचे डोळे, गिळणं, श्वास एकेक करून जातं पण शुद्ध शेवटपर्यंत राहते हे त्यांनी नोंदवून ठेवलंय, स्वतः थोडं विष चाखूनही पाहिलं, आणि वर लिहून ठेवलं की अगदी थोड्या मात्रेत हेच विष, जिथे मज्जासंस्था अति चाळवली गेलीये अशा आजारांत उपयोगी पडेल. जंतूंमुळे आजार होतात हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हतं हो! हा जंतू सापडला तो १८९५ मध्ये बेल्जियममध्ये अंत्यविधीच्या जेवणातलं हॅम खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली तेव्हा, व्हॅन एर्मेंगेम यांना. मला केर्नर यांचं फार कौतुक वाटतं.

हातवळण:

अनघाताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरोचेच पेशंट जास्त बघते. तुमचं वर्णन वाचून राहवलं नाही, कारण असे हात रोज हातात घेते. सूक्ष्मदर्शी सरांनी विषाचं छान सांगितलं, मी हाताचं सांगते.

पहिली गोष्ट, बाबांचा हात दोन कारणांनी आवळलेला असू शकतो. एक म्हणजे स्पॅस्टिसिटी, मेंदूतून येणारा आवर गेल्यामुळे स्नायू सतत ताणात राहतो. दुसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्चर, बरेच महिने आखडून राहिल्यामुळे स्नायू आणि सांधा खरोखरच आखूड आणि कडक झालेला असतो. बोटुलिनम पहिल्यावर चालतं, दुसऱ्यावर नाही. ढोबळ मानाने सांगायचं तर झोपेत किंवा अगदी निवांत असताना, हळूहळू उघडली तर मूठ बऱ्यापैकी उघडते आणि झटक्यात उघडायला गेलं की विरोध होतो, तर त्यात स्पॅस्टिसिटी जास्त. कितीही हळू केलं तरी एका जागी अडकतेच, तर कॉन्ट्रॅक्चर आलंय. बहुतेकांत दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून डॉक्टरांबरोबर फिजिओनेही हात बघितलेला बरा. आणि म्हणूनच उगाच वर्ष दोन वर्ष थांबू नये असं मला मनापासून वाटतं, रोखठोक दादा म्हणतात तसा व्यायाम हवाच, पण जी मूठ उघडतच नाही तिला ताण देणार कसा? जोरजोरात चोळून मालिश केलं तर कधी कधी स्नायू अजून आवळतो, हे पण बघितलंय.

दुसरी गोष्ट, अपेक्षा नीट ठेवा. या इंजेक्शनने गेलेली ताकद परत येत नाही. बाबा परत त्या हाताने लिहायला लागतील असं कोणी सांगत असेल तर तसं नाही. पण मूठ उघडेल, तळहात धुता येईल, नखं कापता येतील, बाही चढेल, दुखणं कमी होईल, आणि आईंचा त्रास कमी होईल. हे छोटं वाटतं ऐकायला पण ज्या घरात रोज हा झगडा चालतो त्यांना विचारा. ज्यांच्या बोटांत थोडी हालचाल आधीच शिल्लक आहे त्यांना कधी कधी ती जास्त वापरता येते, कारण आवळणारे स्नायू सैल झाले की उघडणाऱ्यांना वाव मिळतो.

इंजेक्शन कुठे द्यायचं ते सोनोग्राफी किंवा ईएमजी (स्नायूतल्या विजेचे संकेत टिपणारं यंत्र) लावून ठरवतात, बोटं मिटवणारे स्नायू कोपराखाली खोल एकमेकांवर असतात, चुकून शेजारच्यात गेलं तर नको तो सैल पडतो. हातातच राहील का विचारलंत ना, तर दिलेल्या जागेच्या आसपासच बहुतेक औषध मज्जातंतूंच्या टोकांना चिकटून आत जातं. थोडं इकडे तिकडे पसरू शकतं, लांबवर पसरून गिळायला किंवा श्वासाला त्रास होणं दुर्मिळ आहे पण होऊ शकतं, अमेरिकेत २००९ पासून औषधाच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापावा लागतो. म्हणून नंतरच्या दिवसांत गिळताना ठसका, आवाज बदलणं, दोन दोन दिसणं, दम लागणं यातलं काही वाटलं तर वाट न बघता लगेच दवाखाना.

आधी डॉक्टरांना हे आठवणीने सांगा: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का (स्ट्रोकवाल्यांच्या बहुधा असतातच, त्या मनाने बंद करू नका), गिळायला आधीपासून त्रास आहे का, मायस्थेनिया सारखा स्नायूंचा आजार आहे का, आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिन सारखं अँटिबायोटिक चालू आहे का, कारण ती औषधं पण मज्जातंतू आणि स्नायूच्या जोडावर परिणाम करतात.

अनघा_लिहिते:

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, मज्जातंतू मरत नाही हे दोनदा वाचायला लावलं तिने. आता ती एकदा भेटून विचारू म्हणतेय, ते पण खूप आहे.

अजून दोन गोष्टी. तीन महिन्यांनी परिणाम जातो तो कसा, विष शरीरातून निघून जातं का? आणि समजा जास्त झालंच तर त्याला उतारा असतो का? हातवळण ताई, इंजेक्शन दिल्यावर फिजिओ कधी चालू करायचं?

सूक्ष्मदर्शी:

लहान तुकडा पेशीत हळूहळू नष्ट होतो, ए प्रकाराचा फार चिवट, म्हणून महिनोन्‌महिने टिकतो. तोपर्यंत मज्जातंतू गप्प बसत नाही, टोकापाशी नवे बारीक फाटे काढतो आणि त्यांच्यातून स्नायूशी संपर्क सुरू करतो. मग मूळ टोकाची प्रथिनं परत नीट झाली की ते कामाला लागतं आणि फाटे मागे हटतात. उंदरांवरच्या प्रयोगात हे सगळं टप्प्याटप्प्याने दिसलंय.

उताऱ्याचं म्हणाल तर प्रतिविष असतं, घोड्यांच्या रक्तातून तयार केलेलं, पण ते फक्त रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं. मज्जातंतूत शिरलेलं विष बाहेर काढता येत नाही, तिथे वाट बघणं आणि गरज लागली तर श्वासाला आधार देणं हाच उपाय. म्हणून अन्नातून होणाऱ्या बोट्युलिझममध्ये शंका आली की प्रयोगशाळेच्या रिपोर्टसाठी न थांबता प्रतिविष देतात. धनुर्वातातही तसंच, आणि त्यात अजून एक चक्रावून टाकणारी गोष्ट, धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला पुढे प्रतिकारशक्ती येत नाही, कारण जीवावर बेतणारी मात्रासुद्धा इतकी कमी असते की शरीराला तिची ओळखच होत नाही. बरा झाल्यावरही लस घ्यावीच लागते. तेव्हा बाबांची लस वेळेवर ठेवा.

हातवळण:

फिजिओ लगेचच, पण त्या दिवशी टोचलेल्या जागी चोळू नका, शेकू नका. तीन चार दिवसांत स्नायू सैल वाटायला लागेल, साधारण दोन आठवड्यांनी सगळ्यात जास्त. माझी पद्धत अशी की स्प्लिंटचं, म्हणजे हात उघडा धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीचं, माप दुसऱ्या आठवड्यात घ्यायचं, आधी घेतलं तर मूठ अजून उघडली की स्प्लिंट वाया जातो. रात्री स्प्लिंट, दिवसा थोडा थोडा वेळ हलका ताण, आधी मनगट थोडं मिटवलेलं ठेवून बोटं उघडायची, मग बोटं उघडी धरून हळूहळू मनगट सरळ, उलटं केलं की खूप दुखतं. आईंना हे एकदा समोर करून दाखवायला सांगा. तळहात रोज धुऊन पूर्ण कोरडा करा आणि आत मऊ कापडाची गुंडाळी ठेवा.

पुढचा डोस बारा आठवड्यांच्या आत शक्यतो देत नाहीत, वारंवार दिलं तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिद्रव्यं करू शकतं आणि मग परिणाम होईनासा होतो. आणि एक काम नक्की करा, इंजेक्शन झालं की कुठल्या कंपनीचं, कुठल्या स्नायूत किती युनिट, हे कागदावर लिहून मागा. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं, पुढच्या वेळी डॉक्टर बदलले किंवा औषध बदललं तर तो कागद फार उपयोगी पडतो. त्याच्याच मागे आता मूठ किती उघडते, बाही चढवताना किती दुखतं हे पण लिहून ठेवा आणि शक्य असेल तर हाताचा फोटो काढून ठेवा, म्हणजे दोन आठवड्यांनी दाखवायला जाल तेव्हा फरक पडलाय की नाही हे अंदाजाने सांगावं लागणार नाही.